लहान मासिके आणि उद्याची कथा

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे बहुधा ग्रंथांच्या वाटेने जातात. कोणत्या साली कोणती कादंबरी निघाली, कोणत्या कवीचा संग्रह केव्हा प्रसिद्ध झाला, यांच्या नोंदी त्यांना सहज मिळतात. मासिकांची पाने मात्र रद्दीत जातात, आणि त्या पानांवर प्रथम उमटलेला विचारही त्यांच्याबरोबर जातो. विज्ञानकथा या नावाने आपण ज्या कथाप्रकाराला ओळखतो, तो तर जवळजवळ संपूर्णपणे मासिकांच्या अंगणात वाढलेला आहे. आज हे अंगण कागदाचे राहिलेले नाही. गेल्या पंचवीस वर्षांत आंतरजालावर लहान लहान नियतकालिके निघाली. त्यांना ना छापखाना, ना टपालखर्च, ना वर्गणीदारांची यादी. 'अमुक असे झाले तर पुढे काय होईल?' या एका प्रश्नावर उभी राहणारी लघुकथा आता मुख्यतः तेथे लिहिली जाते आणि तेथेच वाचली जाते. या कथेचा आणि या नियतकालिकांचा गुणदोषांसह विचार करावा, असा आमचा हेतू आहे.

देवस्थानच्या परिवारात वाचल्या जाणाऱ्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, जो समाज आपल्या परंपरेविषयी जागरूक असतो, त्याने आपल्या पुढच्या पिढीच्या कल्पनाशक्तीविषयी उदासीन राहणे परवडणारे नाही. आपली मुले काय वाचतात, कोणत्या भाषेत स्वप्ने पाहतात आणि उद्याचे जग त्यांना मराठीत किंवा कोकणीत दिसते की केवळ इंग्रजीत, हा संस्कृतीचाच प्रश्न आहे. जी भाषा फक्त गतकाळाचे वर्णन करते आणि भविष्याविषयी मौन पाळते, ती हळूहळू सणासुदीपुरती उरते.

प्रथम थोडा इतिहास. १८८६ साली कोचीन येथे, देवजी भीमजी यांच्या आश्रयाने व कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या संपादकत्वाखाली 'केरळ कोकिळ' हे मराठी मासिक सुरू झाले. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, जेथे कोकणी आणि मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहिली, अशा गावी हे मासिक जन्मास आले, ही गोष्ट आपल्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप १९०० च्या सुमारास याच मासिकाने वाचकांपुढे ठेवले. मराठी वाचकाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले ते एका लहान मासिकाच्या पानावर, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढे काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि वर्षातून एकदा का होईना, नव्या प्रकारच्या कथेला जागा मिळण्याची सोय झाली. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने अद्भुताला स्वतंत्र घर दिले. यांपैकी कोणतेही मासिक विद्यापीठाच्या आधाराने किंवा सरकारी अनुदानाने उभे राहिले नव्हते. एखाद्या संपादकाची हौस आणि वाचकाचे कुतूहल, एवढेच त्यांचे भांडवल होते.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद घटना १९७४ सालची. मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या अपरिचित नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर होत. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते, आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत पत्नीकडून लिहवून घेतली होती. त्या वेळी डॉ. नारळीकरांची शास्त्रज्ञ म्हणून कीर्ती जगभर झालेली होती. त्यांच्या नावावर कोणत्याही संपादकाने डोळे मिटून कथा छापली असती. तरीही आपली कथा कथा म्हणून उतरते की नाही, हे त्यांना नाव झाकून पाहावेसे वाटले. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या लेखनाची आपल्या भाषणात दखल घेतली, आणि विज्ञानकथेला साहित्याच्या पंक्तीत पाट मिळाला. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा त्या पाटाचा मान पूर्ण झाला. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. त्यांच्यामागून येणाऱ्यांनी त्यांच्यापासून काय घ्यावे, असा प्रश्न कोणी केला, तर आम्ही त्यांच्या खगोलशास्त्राच्याही आधी त्या झाकलेल्या नावाकडे बोट दाखवू. कथेची परीक्षा कथेवरच व्हावी, हा तो धडा आहे.

आता कथेच्या स्वरूपाकडे वळू. आपल्याकडे दोन परस्परविरोधी समज रूढ आहेत. एक असा की, विज्ञानकथा ही पाश्चात्त्य वस्तू असून आपल्या मातीत ती रुजणार नाही. दुसरा असा की, पुष्पक विमानापासून संजयाच्या दिव्यदृष्टीपर्यंत हे सारे आपल्या पुराणांत पूर्वीच येऊन गेले आहे, तेव्हा नवीन लिहिण्याजोगे काही उरलेले नाही. आमच्या मते हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दुसरा अधिक घातक आहे. कारण तो पुराणाचाही मान राखत नाही आणि कथेचाही. पुराणातील अद्भुत श्रद्धेच्या आधाराने उभे असते. घटोत्कच आकाशातून कसा गेला, हे विचारण्याची तेथे गरज नसते. त्या उड्डाणाचे प्रयोजन निराळे असते. विज्ञानकथेतील अद्भुत एका अटीच्या आधाराने उभे असते, आणि ती अट लेखकाने शेवटपर्यंत पाळावी लागते. पुराणाला विज्ञानकथेच्या मापाने मोजणे म्हणजे गाभाऱ्यातील समई किती दिव्यांच्या शक्तीची आहे, असे विचारण्यासारखे होय.

हा फरक आमच्या व्यवसायातील एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल, आणि ते उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. हिंदू देवतेची मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' आहे. तिच्या नावे मालमत्ता असू शकते, ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो. प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक या कलकत्त्याच्या एका कुटुंबातील वादात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली हे तत्त्व मान्य केले, आणि त्याहून पुढचे एक पाऊल टाकले. मूर्ती जर व्यक्ती आहे, तर तिला स्वतःचे हित आणि स्वतःची इच्छाही आहे असे धरले पाहिजे. भांडणारे भाऊ आपापल्या सोयीप्रमाणे तिला एखाद्या सामानासारखे हलवू शकणार नाहीत. आणि तिची बाजू मांडण्यास त्या भांडणात ज्याचा स्वार्थ नाही, असा वादमित्र नेमला पाहिजे. भक्ताची देवाविषयीची भावना काय आहे, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. न्यायालयाने एक गोष्ट गृहीत धरली, आणि त्या गृहीतकातून जे जे निघते ते ते न कचरता मान्य केले. आमच्या मते उत्तम विज्ञानकथेची रीत हुबेहूब हीच आहे. एकच गृहीत, आणि त्यानंतर कडक हिशेब. लेखकाला एक अशक्य गोष्ट मागण्याचा अधिकार आहे. दुसरी मागण्याचा नाही.

डॉ. नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा या कसोटीवर खरी उतरते. मोबियसच्या पट्टीचे गणित घेऊन त्यांनी एकच गोष्ट मागितली आहे: वस्तू विशिष्ट मार्गाने फिरून परत आली की ती आपल्या आरशातील प्रतिमेसारखी व्हावी. तेवढे दिले की सोंडेची दिशा, माणसाच्या हाताची सवय, यांचे उलटणे ओघाने येते. उजव्या सोंडेच्या गणपतीविषयी आपल्या घराघरांत जी एक विशेष भावना आहे, तिची लेखकाने थट्टा केलेली नाही. त्या परिचित मूर्तीमुळेच डावे आणि उजवे यांतील गणिती भेद वाचकाच्या मनात बसतो. ओळखीच्या देव्हाऱ्यातून अनोळखी भूमितीकडे नेण्याची ही युक्ती परदेशी कथेच्या अनुकरणाने सुचली नसती.

त्यांच्याच 'धूमकेतू' या कथेत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. एक हौशी खगोलनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतो; धूमकेतू अशुभ म्हणून त्याची पत्नी घरी शांतीचा यज्ञ करविते; इकडे तो धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते आणि शास्त्रज्ञ गुप्तपणे त्याचा मार्ग बदलवितात. संकट टळते, आणि घरी श्रेय यज्ञाला मिळते. आमच्या वाचकांपैकी काहींना या कथेचा शेवट बोचेल. त्यांनी ती अवश्य वाचावी, असे आमचे सांगणे आहे. लेखकाचे मत कोणत्या बाजूला आहे, हे कथा लपवीत नाही. तथापि त्या पत्नीला तिने मूर्ख ठरविलेले नाही. घरावर येणाऱ्या अरिष्टाच्या चिंतेने ती आपल्या परीने जे करायचे ते करते. श्रद्धावान वाचक आणि बुद्धिवादी लेखक यांची एका घरात भेट व्हावी आणि दोघांनीही एकमेकांचा चेहरा नीट पाहावा, एवढे काम ही कथा करते. वाङ्मयाकडून याहून अधिक मागू नये.

या पार्श्वभूमीवर आजच्या आंतरजालावरील कथा कशा आहेत? आरंभी त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. १९९६ साली सुरू झालेल्या 'मायबोली'ने परदेशी गेलेल्या मराठी माणसाला मराठीत लिहिते ठेवले आणि दिवाळी अंकाची प्रथा पडद्यावर नेली. 'ऐसी अक्षरे'सारख्या स्थळांनी गंभीर वाचनाला जागा दिली. छापील अंकात कथेची लांबी पुष्कळदा जाहिरातींच्या मागून उरलेल्या जागेवर ठरते. येथे ती कथेच्या गरजेवर ठरू शकते. मुंबई-पुण्याच्या बाहेरच्या लेखकाला संपादकाचा परिचय असावा लागत नाही. हे सारे लाभ खरे आहेत.

परंतु दोषही ठळक आहेत, आणि ते एकाच मुळातून आलेले आहेत. पहिला दोष स्वप्नान्ताचा. नायकाला विचित्र अनुभव येतो, प्रसंग रंगतो, आणि शेवटी त्याला जाग येते. ज्या कथेचे गृहीत लेखकच परत घेतो, ती कथा म्हणजे युक्तिवाद झाल्यावर दावा काढून घेण्यासारखे आहे. दुसरा दोष प्रवचनाचा. एक प्राध्यापक असतो, एक जिज्ञासू तरुण असतो, आणि चार पाने पहिला दुसऱ्याला शास्त्र समजावून देतो. त्या चार पानांत कोणाचेही काही बिघडत नाही, कोणाला काही गमवावे लागत नाही. तिसरा दोष यंत्राच्या अश्रूंचा. मानवासारखे वागणारे यंत्र शेवटी रडते आणि वाचकानेही रडावे अशी अपेक्षा असते. परंतु ते यंत्र कोणाच्या मालकीचे, ते बिघडले तर जबाबदार कोण, त्याच्यामुळे कोणाची नोकरी गेली, यांतला एकही प्रश्न विचारलेला नसतो. चौथा दोष निनावी गावांचा. कथा कोणत्या शहरात घडते ते कळत नाही. पात्रांची नावे मराठी, पण त्यांना ना सासर-माहेर, ना कुलदैवत, ना वीजबिल. भविष्यकाळ म्हणजे सर्वत्र सारख्याच काचेच्या इमारती, अशी समजूत झालेली दिसते. वास्तविक पाहता दोनशे वर्षांनीही कुणाची तरी पालखी निघेल, कुणाचे तरी भाऊबंदकीचे भांडण चालू असेल. प्रश्न एवढाच की ती पालखी कोठून निघेल आणि ते भांडण कशावरून असेल. त्याचे उत्तर कल्पिणे हेच लेखकाचे काम आहे.

या दोषांचे मूळ आमच्या मते लेखकाच्या अंगी नाही. ते संपादनाच्या अभावात आहे. जागा अमर्याद झाली की नकार देण्याची गरज उरत नाही, आणि नकार नाही तेथे सुधारणाही नाही. प्रतिक्रिया लगेच येतात, पण त्या बहुतेक शाबासकीच्या. 'तुमचे दुसरे पान काढून टाका' असे सांगणारा स्नेही लेखकाला क्वचित् भेटतो. १९५५ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत 'शब्द', 'असो', 'वाचा' यांसारखी जी लघुअनियतकालिके निघाली, त्यांच्याजवळही पैसा नव्हता. पण त्यांच्याजवळ निवड होती, भांडण होते, आणि काय छापायचे नाही याविषयी ठाम मत होते. लहानपणा हा त्यांचा गुण ठरला तो या निवडीमुळे.

येथे कोणी म्हणेल की, चार हौशी माणसांच्या कथांचे एवढे प्रस्थ कशाला माजवावे? त्याचे उत्तर आम्ही ज्या शहरात राहतो त्या शहराने दिलेले आहे. डिसेंबर १९८१ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला. त्यानंतर राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने त्या कारखान्याची माहिती जमविली, आणि १९८२ च्या शरदात आपल्या 'रपट' या लहानशा हिंदी साप्ताहिकातून, हे शहर ज्वालामुखीच्या तोंडाशी बसले आहे, अशा आशयाचे लेख लिहिले. साप्ताहिक लहान होते. कोणी लक्ष दिले नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. केसवानी कथा लिहीत नव्हते, हे आम्ही जाणतो. ते पुरावा मांडीत होते. परंतु पुरावा वाचणाऱ्याला त्या पुराव्याचे पुढचे पान मनात रचावे लागते. कागदावर टाकी, झडप आणि वस्तीचे अंतर दिसते. त्यातून एक रात्र उभी करणे हे कल्पनेचे काम आहे. ते ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांना करता आले नाही.

कायद्याच्या भाषेत यालाच पूर्वानुमान म्हणतात. १९३२ सालच्या डोनोग्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या प्रसिद्ध निवाड्यापासून निष्काळजीपणाचा कायदा या प्रश्नावर उभा आहे की, समंजस माणसाला आपल्या कृतीचा परिणाम आधी दिसू शकला असता काय. म्हणजे न्यायालय प्रतिवादीच्या कल्पनाशक्तीचीच परीक्षा घेते. भोपाळनंतर बरोबर एका वर्षाने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत ओलियम वायू सुटला. त्यातून निघालेल्या मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये, धोकादायक उद्योग चालविणाऱ्यास कोणतीही सबब न देता संपूर्ण जबाबदार धरले, आणि १८६८ सालच्या इंग्रजी नियमातील अपवाद बाजूला सारले. जे संकट जुन्या कायद्याला कल्पिता आले नव्हते, त्यासाठी नवा कायदा रचावा लागला. ज्या समाजात 'असे झाले तर?' हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लहानपणापासून लागते, त्या समाजात एखाद्या 'रपट'ला वाचक मिळण्याचा संभव अधिक, असे आम्हास वाटते. भोपाळमधूनच 'एकलव्य' संस्थेचे 'चकमक' हे मुलांचे विज्ञानमासिक १९८५ साली आणि 'इलेक्ट्रॉनिकी आपके लिए' हे हिंदी विज्ञानमासिक १९८८ साली निघू लागले, हे आम्ही या शहराच्या शहाणपणाचे लक्षण मानतो. येथील मराठी घरांतील मुलांना हिंदीत मिळणारे हे खाद्य मराठीतही मिळावे, ही आमची इच्छा अवाजवी म्हणता येणार नाही.

आता व्यवहाराचे दोन शब्द. इंग्रजीत आंतरजालावरील लहान मासिकांनी एक शिस्त निर्माण केली आहे. २००० साली सुरू झालेले 'स्ट्रेंज होरायझन्स' स्वयंसेवकांच्या श्रमांवर आणि वाचकांच्या देणग्यांवर चालते, तरी लेखकाला मानधन देते. २००६ साली निघालेले 'क्लार्क्सवर्ल्ड' शब्दामागे दहा सेंटांहून अधिक देते. आपल्याकडे २०१५ साली दिल्लीहून सुरू झालेल्या 'मिथिला रिव्ह्यू'ने आशियातील अशा लेखनाला इंग्रजीत व्यासपीठ दिले. या मासिकांवरील संकटेही नवीन आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड'कडे यंत्राने लिहिलेल्या कथा शेकड्यांनी येऊ लागल्या आणि संपादकांना काही काळ कथा घेणेच बंद करावे लागले. ज्या कथाप्रकाराने यंत्राच्या राज्याची कल्पना सर्वांच्या आधी केली, त्याच्याच दाराशी यंत्रांची पहिली रांग लागावी, यात नियतीचा विनोद आहे. या पुरावर उपाय एकच: ज्याला कथा कोणी लिहिली आणि का लिहिली हे कळते, असा संपादक. म्हणजे आपण पुन्हा निवडीच्याच मुद्द्यावर येतो.

मराठीत मानधन ही दूरची गोष्ट आहे; पण हक्कांचा प्रश्न आजच सोडविता येईल, आणि त्याला पैसा लागत नाही. पुष्कळ ठिकाणी अंकाच्या तळाशी 'सर्व हक्क संपादकांचे' अशी एक ओळ असते. लेखकांनी हे जाणून असावे की, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असल्याखेरीज वैध होत नाही. अशा लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आणि घेणाऱ्याने एका वर्षात हक्काचा उपयोग केला नाही, तर वेगळे ठरले नसल्यास तो हक्क लोप पावतो. हक्क विकल्यानंतरही, ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा आणि तिचा विपर्यास झाल्यास दाद मागण्याचा अधिकार कलम ५७ लेखकाकडे ठेवते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे ही मालमत्ता टिकते. आज पाच पानांची वाटणारी गोष्ट उद्या पाठ्यपुस्तकात किंवा चित्रपटात जाऊ शकते. संपादक आणि लेखक यांनी अर्ध्या पानाचा साधा करार करावा: प्रथम प्रसिद्धीचा हक्क मासिकाला, बाकी सर्व लेखकाला. मैत्री राखण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हास ठाऊक नाही.

जतनाचा प्रश्न याहून बिकट आहे. ग्रंथालयांना प्रती देण्याविषयीचा १९५४ चा कायदा छापील पुस्तकांच्या आणि वृत्तपत्रांच्या व्याख्यांवर उभा आहे. 'केरळ कोकिळ'ची जुनी पाने शोधणाऱ्याला एखाद्या संग्रहालयाच्या कपाटात ती सापडण्याची आशा तरी असते. आंतरजालावरील मासिकाचे भाडे एक वर्ष भरले गेले नाही, तर दहा वर्षांचे अंक एका रात्रीत नाहीसे होतात, आणि वाळवीलाही दोष देता येत नाही. निवडक कथांची वर्षाला एक छापील पुस्तिका काढून ती दोन-तीन ग्रंथालयांत ठेवणे, हे प्रत्येक लहान मासिकाने आपले कर्तव्य मानावे.

कोकणीविषयी एक विशेष सूचना. १९९२ साली ही भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली, तरी तिचा वाचक लिप्यांनी विभागलेला आहे. गोव्यातला वाचक देवनागरी किंवा रोमी वाचतो, मंगळूरचा कन्नड लिपी वाचतो, कोचीनचा मल्याळम. छापील मासिकाला या सर्वांपर्यंत एकाच कथेने पोचणे अवघड होते. पडद्यावर तीच कथा दोन-तीन लिप्यांत शेजारी शेजारी ठेवता येते, आणि ज्याला एकही लिपी सवयीची नाही त्याला ती वाचून ऐकविता येते. एका देवाच्या पाया पडणाऱ्या, पण एकमेकांचे लेखन वाचू न शकणाऱ्या कुटुंबांना जोडण्याचे हे साधन हाती आलेले असताना ते केवळ शुभेच्छांच्या चित्रांसाठी खर्च व्हावे, हे बरे नव्हे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या यासारख्या मासिकांनी वर्षातून निदान दोन वेळा अशी एक मराठी आणि एक कोकणी कथा द्यावी. तिच्यासाठी स्पर्धा ठेवावी, आणि १९७४ चा धडा लक्षात घेऊन परीक्षकांपुढे नावे झाकून ठेवावी. देणगीदाराच्या मुलाची कथा आणि पुजाऱ्याच्या मुलीची कथा एकाच मापाने मोजली जावी. परत पाठविलेल्या प्रत्येक कथेबरोबर दोन ओळींचे कारण लिहून पाठवावे. पुष्कळ लेखक पारितोषिकापेक्षा त्या दोन ओळींनी घडतात. मानधन थोडे असले तरी द्यावे, आणि करार लेखी करावा. उत्सवाच्या स्मरणिकेत जाहिरातींसाठी जेवढी पाने जातात, त्यांतील चार पानांत हे सारे बसण्यासारखे आहे. आपल्या पूर्वजांनी परमुलखात जाऊन प्रथम देऊळ बांधले आणि मग त्याच्या आवारात शाळा काढली. त्या शाळेतील मुलांना उद्याची गोष्ट आपल्या भाषेत लिहिता यावी, यासाठी चार पाने मागणे फार झाले, असे आम्हास वाटत नाही.